दोनशे चौदा स्थळं आणि लाल फडक्यातलं पुस्तक

संगणकाला हळद-कुंकू मी वाहिलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत अजून तसं बोललं जातं. हळद-कुंकू अक्कांनी वाहिलं. मी फक्त नारळ फोडला, तोही बाहेर पायरीवर. पाणी आतपर्यंत उडालं, त्याला कारण पिराजी. त्याला दार लावून घे म्हटलं होतं, तो म्हणाला, "मला बी बघू द्या की."

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. शाहूपुरीत, शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, आमचं वधू-वर सूचक मंडळ होतं. अध्यक्ष अक्का. बावीस वर्षं त्यांनी स्थळांची वही लिहिली. जाड पुठ्ठ्याची, निळ्या पाठीची, आणि अक्षर असं की मुलगा पसंत नसला तरी नोंद पुन्हा वाचावीशी वाटावी. मी चिटणीस. पिराजी आमचा शिपाई, पहारेकरी आणि टीकाकार. पगार त्याला पहिल्या दोन कामांचाच मिळायचा.

मंडळाच्या एका सभासदबाईंचा मुलगा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या कचेरीत नवे संगणक आले तेव्हा जुन्यातला एक त्यानं आम्हाला दिला. कार्यकारिणीत मी उभी राहून म्हणाले, "आपण काळाबरोबर जायला हवं." हे वाक्य मला महागात पडणार होतं. मी मॅट्रिकनंतर शाळा पाहिलेली नाही. इंग्रजी शिकले ते मुलाच्या क्रमिक पुस्तकांवरून, प्रेशर कुकरच्या माहितीपत्रकावरून आणि एका शब्दकोशावरून. त्या शब्दकोशाची पहिली पानं उंदरांनी नेली, त्यामुळे माझं इंग्रजी 'सी'पासून सुरू होतं. तरीही माझं इंग्रजी मंडळातलं सर्वोत्तम होतं, म्हणून यंत्र माझ्या गळ्यात आलं.

यंत्र मांडायला पुण्याहून एक तरुण इंजिनियर आला. दोन तास बसला, एका चिठ्ठीवर सहा पायऱ्या लिहून दिल्या आणि जाताना एक पुस्तक टेबलावर ठेवलं. विटेएवढं जाड. "सगळं ह्यात आहे," म्हणाला आणि चारची गाडी पकडायला पळाला. 'सगळं ह्यात आहे' असं आमच्याकडे ज्या पुस्तकाबद्दल म्हणतात, त्याचं जे करतात, तेच अक्कांनी केलं. लाल खणाच्या कापडात गुंडाळलं आणि पाटावर ठेवलं. तीन महिने त्याला कुणी हात लावला नाही. पिराजी दर गुरुवारी फुंकर मारायचा, तेवढीच त्याची सेवा.

त्या तीन महिन्यांत मी एका बोटानं दोनशे चौदा स्थळं यंत्रात घातली. नाव, शिक्षण, उंची, गाव, अपेक्षा. शेवटचं स्थळ मलकापूरचं होतं. ते घातलं आणि मला जो आनंद झाला तो थोरल्याच्या बारशालाही झाला नव्हता. त्याच आनंदात मी खोली झाडायला काढली. आणि त्या झाडण्यात (आता लपवून काय करायचं) अक्कांची निळी वही मी रद्दीत घातली. यंत्रात सगळं होतं ना! अक्कांना काही बोलले नाही. त्या विचारतील तेव्हा सांगू, म्हटलं. अक्कांनी विचारलं नाही आणि मीही घाई केली नाही.

पुढच्या रविवारी मंडळाचा मेळावा होता. तालुक्या-तालुक्यातून माणसं येणार, प्रत्येकाच्या हातात स्थळांची छापील यादी द्यायची, ती यंत्रातून काढायची. बुधवारी कागलचे बाळासो आले. भाचीसाठी मुलगा बघायला. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी अट सांगितली.

"कागलच्या भाईर पोरगी द्यायची न्हाय. माझ्या भैनीला रोज संध्याकाळी लेकीच्या घरात डोकवाय मिळालं पायजे."

"मग मुलाकडचे काय म्हणतील?"

"ते बी डोकावतील की. दार दोन्हीकडनं उघडतंय."

मला उत्साह आला. पडद्याच्या वरच्या ओळीत काही शब्द असायचे, त्यातला एक 'कंडिशन'. चिठ्ठीत तो नव्हता. कंडिशन म्हणजे अट, एवढं कळत होतं. मी तिथं गेले, गाव विचारलं तिथं कागल लिहिलं, आणि क्षणात फक्त कागलची माणसं पडद्यावर. अकरा. बाळासो उठून उभे राहिले.

"आयला! बाई, तुमी मशीन हाकताय व्हय!"

ते चार नावं लिहून घेऊन गेले. मी त्या दिवशी घरी जाताना तीन बायकांना ही हकीकत सांगितली, त्यातली एक मला ओळखतही नव्हती.

गुरुवारी सकाळी यंत्र चालू केलं, मेळाव्याची यादी मागवली. अकरा नावं आली. खाली रिकामा काळा पडदा.

पुन्हा मागवली. अकरा. बंद करून चालू केलं. अकरा. पहिल्यांदा मला वाटलं, बाकीची मागून येताहेत. दहा मिनिटं वाट पाहिली. आपल्याकडे कार्याला माणसं उशिराच येतात.

पिराजीनं वाकून पाहिलं. "बाईसाब, ही समदी कागलची हायती."

"मग?"

"मग काय? कागलवाल्यांनी बाकीची हाकलून लावली. बाळासो येऊन गेल्यापास्नं मला शंका हायच."

मी त्याला चहा आणायला पाठवलं. त्यानं चहा आणला आणि बातमी गल्लीत दिली. समोरचे गणपतराव आले. वीज खात्यातून निवृत्त. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं त्यांच्याकडे एकच निदान असायचं. त्यांच्या सुनेला ताप आला तेव्हाही त्यांनी आधी मीटर पाहिला होता.

"व्होल्टेज," ते म्हणाले. "कमी दाबाला जवळची गावं दिसतात, लांबची दिसत नाहीत. कागल जवळ आहे."

"पेठ वडगाव तेवढंच आहे की हो."

"ती लाइन वेगळी," ते शांतपणे म्हणाले.

चिठ्ठीच्या तळाला लिहिलं होतं, अडचण आली तर 'एफ वन' दाबा. दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, अधिक माहितीसाठी पुस्तक पाहा. म्हणून हात धुऊन पुस्तक पाटावरून काढलं, फडकं सोडलं. पहिल्याच पानावर लिहिलेलं, मदतीसाठी कधीही एफ वन दाबा. पुन्हा दाबलं. पुस्तक पाहा. सातबाऱ्याचा उतारा काढताना ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर जाण्याचा मला अनुभव होता, पण तिथं निदान मधे कुणीतरी 'जेवणाची सुट्टी' म्हणून थांबवतं.

गणपतरावांच्या फोनवरून पुण्याला ट्रंक कॉल लावला. अडीच तासांनी लागला.

"हॅलो! दोनशे तीन माणसं गेली!" मी ओरडले.

पलीकडून इंजिनियर म्हणाला, "कुठला अपघात?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, पुस्तकात बघा ना." आणि तीन मिनिटं संपली. माझा अपमान झालेला गणपतरावांच्या घरातल्या पाच माणसांनी ऐकला. त्यात त्यांची सूनही होती, जिचं स्थळ मीच सुचवलं होतं.

तेव्हा मी ठरवलं की वाचायचंच. आणि इथं माझी खरी चूक झाली, पण ती माझी एकटीची म्हणू नका. लाल फडक्यातलं पुस्तक पाटावर ठेवून वाचायला बसल्यावर आपल्यातली कुठली बाई ते मधूनच उघडेल? पहिल्या पानापासून, ओळीनं, एकही पान न गाळता. मधे बोलायचं नाही, खुणेला पान दुमडायचं नाही. शेवट आधी वाचणं तर सोडाच. आमच्या आजीनं सांगितलं होतं, अध्याय चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी दुपारी यंत्र खोक्यातून कसं काढावं ते वाचलं. आमचं तीन महिन्यांपूर्वी काढून झालं होतं, तरी वाचलं. मग कंपनीनं आमचं अभिनंदन केलेलं होतं. मला खरं सांगायचं तर भरून आलं, त्या दिवशी दुसरं कुणी केलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत यंत्र चुंबकापासून आणि द्रवपदार्थांपासून दूर ठेवावं इथवर आले. नारळाचं पाणी आठवून दोनदा वाचलं. शुक्रवारी दिवसभर वाचून पान त्र्याण्णव. पुस्तक सहाशे पानांचं. रविवार दोन दिवसांवर. मी पोळ्या करतानाही ओठ हलवत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, "कुठला जप?" मी हातानं 'मधे बोलू नका' अशी खूण केली.

शुक्रवारी दुपारी आणखी एक घाव बसला. पिराजीनं भडंग आणलं होतं. त्यातलं एक पुडकं माझ्यासमोर ठेवलं. दोन घास खाल्ले आणि कागदाकडे लक्ष गेलं. 'मुलगा मितभाषी, दूध डेअरीत कायम, आई-वडिलांचा एकुलता'. ते वळणदार अक्षर! निळी वही! मी पुडकं उलटं केलं, भडंग टेबलावर सांडलं, मागे तेलाच्या डागात एक एम. ए. झालेली मुलगी.

"पिराजी, कुठनं आणलंस?"

"चौकातनं. का? खौट हाय?"

"आणखी कुणाला दिलंस?"

"एक पुडकं अक्कासाबास्नी देऊन आलो. त्यास्नी आवडतंय."

मी चौकात धावले. भडंगवाल्याकडे वहीची सहा पानं उरली होती. मी सहा पुड्या भडंग घेतलं. तीन पानांवरची मुलं एव्हाना लग्न होऊन बाप झालेली.

आता काय पणाला लागलं होतं ते सांगायला नको. मेळाव्याला चारशे माणसं येणार, त्यांच्या हातात अकरा नावं द्यायची, तीही कागलची. आणि बावीस वर्षांची वही चिटणीसबाईंनी भडंगवाल्याला दिली, हे अक्कांना मीच सांगायचं.

शनिवारी सकाळी आमच्या ह्यांनी मला पान एकशे सतरावर गाठलं. हे तसे कमी बोलतात. म्हणाले, "मिरजेची गाडी बघायची असली तर आपण टाइमटेबल पहिल्या पानापासून वाचतो काय?"

"हे टाइमटेबल नाही."

"पोथीही नाही. मागं सूची असेल, बघ."

मनात माफी मागून मी शेवटची पानं उघडली. खरंच सूची होती! बारीक अक्षरात शब्द आणि समोर पानांचे आकडे. पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांचं मी पहिल्यांदाच एका झटक्यात ऐकलं, असं ते अजून सांगतात.

मंडळात जाऊन शोधायला बसले. 'हरवले'ला इंग्रजीत जो शब्द तो पाहिला. नव्हता. 'गेले' नव्हता. 'नाहीसे' नव्हता. 'चोरी' उगीचच पाहिला. 'नावं' होता, पण तिथं नावं घालायची कशी ते. सहाशे पानांच्या पुस्तकात माझं दुःख एकाही शब्दात नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवलं. तेवढ्यात काठीचा आवाज आला. अक्का.

"काय गं विमला, यादी झाली?"

मला रडू आलं. पंचेचाळिसाव्या वर्षी चिटणीसानं रडू नये, पण आलं. नावं गेल्याचं सांगितलं. वहीचं मात्र गाळलं. अक्का समोर बसल्या, पदरानं चष्मा पुसला.

"काय काय शोधलंस?"

मी शब्द वाचून दाखवले. हरवले, गेले, नाहीसे. अक्का हसल्या.

"बावीस वर्षं माझ्याजवळ बसून हेच शिकलीस? अगं, हे पुस्तक कुणी लिहिलं?"

"कंपनीनं."

"म्हणजे मुलीच्या आईनं. ती आपल्या मुलीबद्दल 'हिच्या हातून वस्तू हरवतात' असं लिहून देईल काय? आपल्याकडे कुणी लिहिलंय कधी? मॅट्रिक नापास असली तर काय लिहितात?"

"गृहकृत्यदक्ष."

"नोकरी नसली तर?"

"स्वतंत्र व्यवसाय."

"आईपुढं तोंड उघडत नसला तर?"

"मितभाषी," मी म्हणाले आणि मला भडंगाचा कागद आठवला.

"मग? आपल्याला काय खुपतंय तो शब्द शोधू नये. त्यांना काय लिहायला बरं वाटेल तो शोधावा." अक्कांनी पडद्याकडे बोट केलं. "आणि ही अकराच कशी राहिली? आपोआप गेली असती तर सगळ्या गावांची थोडी थोडी गेली असती. सगळी कागलचीच राहिली म्हणजे कुणीतरी निवडून बसवलीत. तुला ते पेठ वडगावचं घर आठवतंय, दोन मुलींचं? धाकटीला बघायला पाहुणे आले की थोरलीला आतल्या खोलीत बसवायचे. थोरली हरवली होती काय?"

"नाही. दाखवत नव्हते."

"मग बघ, 'दाखवणे'."

मी 'एस'वर गेले. 'शो' हा शब्द होता. त्याच्याखाली 'शो ऑल', म्हणजे सगळं दाखवा. पान चारशे बारा. माझ्या वाचनाच्या वेगानं मी तिथं पुढच्या शनिवारी पोचले असते.

पान चारशे बारा मी मोठ्यानं, मराठी करत वाचलं. 'आपण आधी एखादी अट घातली असल्यास, ती काढेपर्यंत, अटीत बसणाऱ्याच नोंदी दाखवल्या जातात. उरलेल्या नोंदी सुरक्षित असतात.'

पिराजीनं दारातून विचारलं, "अट कुणी घातली म्हनायची?"

बुधवार माझ्या डोळ्यांसमोरून गेला. बाळासो, 'मशीन हाकताय व्हय', आणि मी. बाळासो अट सांगून घरी गेले, मी विसरून घरी गेले, आणि ते बिचारं यंत्र तीन दिवस, कुणी 'आता पुरे' म्हणेना म्हणून, कागल धरून बसलं होतं. इतकं आज्ञाधारक माझ्या घरात कुणी नाही, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

पुस्तकात सांगितलेली कळ दाबली. पडदा एकदा लुकलुकला आणि नावं आली. मलकापूर, हातकणंगले, गडहिंग्लज, पेठ वडगाव, वरून खाली धावत, पंगतीला आवाज दिल्यासारखी. तळाला आकडा, दोनशे चौदा. पिराजीनं टाळी वाजवली. "आली! समदी वऱ्हाडं आली!" गणपतराव खिडकीतून म्हणाले, "मी आत्ताच फ्यूज नीट बसवला." त्यांना श्रेय घेऊ दिलं. माझ्याकडे त्या क्षणी भरपूर होतं.

छपाईयंत्र संध्याकाळपर्यंत करकरत होतं. रविवारी मेळावा झाला. चारशेच्या जागी साडेपाचशे माणसं आली, याद्या कमी पडल्या, लोकांनी एकमेकांच्या खांद्यावरून वाचल्या, आणि अशा वाचण्यातून एक लग्न तिथंच जवळजवळ ठरलं. बाळासोही आले होते. पूर्ण यादी पाहून म्हणाले, "बुधवारी ही दावली न्हाईसा. ह्यो मलकापूरचा बरा दिसतोय की."

"आणि कागलची अट?"

"भैनीला मोटारीचा पास काढून देतो."

वहीचं मात्र मी सांगितलं नाही. रोज ठरवायची, रोज अक्का काहीतरी गोड बोलायच्या आणि राहून जायचं. आठवड्यानं त्या एक नवी वही घेऊन आल्या. जाड पुठ्ठा, निळी पाठ.

"हे घे," म्हणाल्या. "त्या पुस्तकाची सूची इंग्रजीत, आपलं दुःख मराठीत. मध्ये एक पूल हवा. पिराजीला विचारून, तुला विचारून, जमेल तसं लिहिलंय. पुढं जे जे अडेल ते वाढवत जा." आणि काठी टेकत निघूनही गेल्या.

मी वही उघडली. तेच वळणदार अक्षर. डाव्या बाजूला आपले शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातले, आणि पानाचा आकडा.

'नावं गेली — पाहा: शो ऑल, पान ४१२.'

'यंत्र रुसले — पाहा: रीस्टार्ट, पान ३८.'

'कागलवाल्यांनी हाकलले — पाहा: कंडिशन, पान ४०९.'

'व्होल्टेज — पाहा: गणपतराव.'

मी हसत हसत पान उलटलं. शेवटच्या नोंदीपाशी, टाचणीनं लावलेला, तेलाचा डाग पडलेला एक जुना कागद होता. पेठ वडगावची थोरली, गृहकृत्यदक्ष. त्याच्याखाली नव्या शाईत एकच ओळ होती.

'जुनी वही — पाहा: विमला.'

पानाचा आकडा दिला नव्हता. मी वही मिटली, चपला घातल्या आणि अक्कांच्या घरी निघाले. वाटेत चौकात थांबून भडंग घेतलं, त्यांना आवडतं म्हणून. भडंगवाल्याला म्हटलं, "कोऱ्या कागदात बांध."